प्रवासी कला आणि तिची झील : उल्हासनगरचा भगत व अंदलुसियाचा फ्लामेंको

१

लोककलांच्या तौलनिक अभ्यासात साम्याचा मोह नेहमीच प्रबळ असतो. परस्परांपासून दूर असलेल्या दोन प्रदेशांतील नर्तक सारख्याच आवेशाने पदाघात करताना दिसले, की प्रेक्षकाच्या मनात पहिल्याने येते ती वंशाची कल्पना. ही दोन्ही माणसे कधी काळी एकाच घरची असली पाहिजेत, असे त्याला वाटू लागते. स्पेनच्या दक्षिणेकडील अंदलुसिया प्रांतातील फ्लामेंको आणि भारतीय नृत्यगायन यांच्याविषयी असेच घडले आहे. कथक आणि फ्लामेंको यांचे संयुक्त प्रयोग होतात. राजस्थानातून निघून स्पेनमध्ये संपणाऱ्या ‘लाचो द्रोम’ (१९९३) या तोनी गातलिफच्या चित्रपटाने तर ही कल्पना जगभर पोहोचविली. हे साम्य पाहणाऱ्याचे लक्ष बहुधा दोनच गोष्टींकडे असते : पायांकडे आणि वंशाकडे. तिसऱ्या एका गोष्टीकडे त्याचे लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे मुख्य कलावंताला उत्तर देणारे मागचे माणूस.

मराठीत या उत्तराला नेमका शब्द आहे : झील. शाहिराच्या मागे उभे राहून त्याच्या ओळीचा शेवट उचलणारे झीलकरी, तमाशातील सुरत्ये, कीर्तनातील टाळकरी हे सारे एकाच कामाचे मानकरी होत. गावोगाव फिरणाऱ्या कोणत्याही कलेची परीक्षा या झिलीपाशी होते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण मात्र मराठी नाही. कल्याणच्या पुढे लोहमार्गावर एकापाठोपाठ येणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांपैकी पहिल्यात फाळणीनंतर वस्तीस आलेल्या सिंधी समाजाची ‘भगत’ ही कला, हे ते उदाहरण होय. फ्लामेंको येथे तुलनेसाठी घेतला आहे. कारण फिरतीवर निघालेल्या कलेचे काय होते, याविषयीचा वाद त्या कलेत जितका स्पष्टपणे लढविला गेला तितका क्वचितच दुसऱ्या कलेत लढविला गेला असेल.

२

प्रथम वंशाच्या प्रश्नाचा निकाल लावणे इष्ट ठरेल. फ्लामेंकोच्या घडणीत स्पेनमधील जिप्सी समाजाचा वाटा मोठा आहे, हे सर्वमान्य आहे. या समाजाच्या मूळ भाषेचे, म्हणजे रोमानीचे, भारतीयत्व तर अठराव्या शतकाच्या अखेरीसच रुडिगर या जर्मन पंडिताने दाखवून दिले. पॉटने १८४४-४५ मध्ये त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. आणि १९२६ मध्ये राल्फ टर्नर यांनी भारतीय आर्यभाषांच्या कुटुंबात रोमानीचे स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला. रोमानीतील येख, दुई, त्रिन, श्तार, पांज हे अंक मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. सात, आठ आणि नऊ यांसाठी मात्र तिने एफ्ता, ओख्तो, एन्या हे ग्रीक शब्द घेतले आहेत, आणि दहाला पुन्हा ‘देश’ हा आपलाच शब्द आहे. प्रवासाचा मार्ग भाषेच्या अंगावर असा कोरलेला असतो. स्पेनमध्ये रोमानीचे व्याकरण लोपले; स्पॅनिश व्याकरणात रोमानी शब्द गुंफलेली ‘कालो’ ही बोली तेवढी उरली. फ्लामेंकोच्या पदांत आजही या बोलीतील शब्द येतात. त्यांपैकी वेदनावाचक ‘दूका’ हा शब्द तर आपल्या ‘दुःख’ शब्दाचाच भाऊबंद आहे.

इतका पुरावा हाती असता, गाणेही भारतातून आले असे म्हणण्यास काय हरकत आहे? हरकत अशी, की शब्द आणि सूर यांच्या संक्रमणाचे नियम एक नाहीत. ध्वनिपरिवर्तन नियमबद्ध असते. म्हणून एका शब्दाचे नाते दुसऱ्या शब्दाशी सिद्ध करता येते. लयीच्या किंवा पदन्यासाच्या परिवर्तनाचे असे नियम कोणी दाखविलेले नाहीत. शिवाय जिप्सी लोक स्पेनच्या भूमीवर आल्याचा पहिला लेखी उल्लेख १४२५ चा आहे. आणि आज ज्याला फ्लामेंको म्हणतात त्याचा स्पष्ट आढळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास होऊ लागतो. मधल्या चार शतकांत १४९९ चे कडक हुकूम झाले, १७४९ ची सामूहिक धरपकड झाली, आणि त्या समाजाचे जीवन अंदलुसियातील इतर गरिबांच्या जीवनात मिसळत गेले. सिल्व्हेरिओ फ्रांकोनेत्ती आणि आंतोनिओ चाकोन हे या कलेतील दोन थोर गायक जिप्सी नव्हते. सारांश, भाषेचे नाते सिद्ध आहे; कलेचे नाते त्यावरून सिद्ध होत नाही. पहिल्या विधानाचे बळ दुसऱ्याला उसने देणे हा तौलनिक पद्धतीचा दुरुपयोग होय.

मग तुलनेला आधार कोणता? वंशाचा नव्हे, तर परिस्थितीचा. दोन्ही कलांच्या इतिहासात विस्थापन आहे, दोन्ही कलांनी फिरतीवर पोट भरले आहे, आणि दोन्ही कलांत मुख्य गायक एकटा कधीच गात नाही.

३

फ्लामेंकोची अंगे तीन सांगितली जातात : काँते म्हणजे गायन, तोके म्हणजे गिटारवादन आणि बाइले म्हणजे नृत्य. जाणकार याला चौथे अंग जोडतात. त्याचे नाव हालेओ. यात ‘पाल्मास’ म्हणजे लयबद्ध टाळ्या येतात आणि ‘ओले’सारखे उत्तेजनाचे उद्गारही येतात. ‘सोलेआ’ या गानप्रकारातील बारा मात्रांच्या आवर्तनात तिसरी, सहावी, आठवी, दहावी आणि बारावी या मात्रांवर आघात असतो. हे विषम आवर्तन टाळ्या देणारी माणसे धरून ठेवतात, म्हणूनच गायकाला त्याच्या कडेने स्वैर हिंडता येते. टाळी चुकली तर गायकाचा पायच घसरतो. हालेओ ही सजावट नाही. ती इमारतीतील भिंत आहे.

भगताची रचना याहून फारशी निराळी नाही. ‘भगत’ हा शब्द सिंधीत कलाप्रकाराचाही वाचक आहे आणि कलावंताचाही. पायघोळ जामा, डोक्याला पगडी आणि पायांत घुंगरू अशा वेषात मुख्य भगत उघड्या मैदानात रात्री उभा राहतो. तो गातो, नाचतो, मध्येच गद्यात कथा सांगतो, विनोद करतो, पुन्हा गातो. उमर-मारुई आणि ससुई-पुन्हू यांच्या कथा, हरिश्चंद्रासारखी पौराणिक आख्याने, शाह अब्दुल लतीफ (१६८९-१७५२) यांच्यासारख्या सूफी कवींची पदे, काफी आणि दोहे असा हा पसारा पहाटेपर्यंत चालतो. त्याच्या मागे असतात बोलियारे. भगताची ओळ ते उचलतात, तिचा शेवट घोळवून त्याला परत देतात, आणि कथेच्या ओघात त्याच्याशी प्रश्नोत्तरेही करतात. मराठी वाचकाला येथे एकाच वेळी कीर्तनातील आख्यान आणि तमाशातील बतावणी आठवावी, अशीच ही योजना आहे.

या कलेचे सर्वश्रुत नाव म्हणजे संत कंवरराम. १८८५ मध्ये जन्मलेल्या या गायकाचे सारे आयुष्य सिंधमधील गावोगाव फिरण्यात गेले. कार्यक्रमाच्या अखेरीस झोळी पसरावी आणि तीत पडलेले धन गरजूंना वाटून टाकावे, असा त्याचा परिपाठ होता. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्याचे श्रोते होते. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक येथील रेल्वे स्थानकावर त्याची हत्या झाली. ती झाली तीही प्रवासातच. भगत ही कला जात्याच प्रवासी होती, याहून त्याचा वेगळा पुरावा नको.

४

प्रवासाने कला बिघडते काय, हा प्रश्न स्पेनमध्ये १९२२ साली ऐरणीवर आला. संगीतकार मान्युएल दे फाल्या आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी काही मित्रांसह त्या वर्षीच्या जूनमध्ये ग्रानादा येथील आलांब्रा राजवाड्याच्या परिसरात ‘काँते होंदो’ म्हणजे गंभीर गानाची स्पर्धा भरविली. कॅफेंतील व्यावसायिक गायनाने जुने गाणे भ्रष्ट केले आहे, हा त्यांचा आरोप होता. म्हणून एकवीस वर्षांवरील व्यावसायिकांना स्पर्धेत मज्जाव करण्यात आला. याच निमित्ताने लिहिलेल्या पुस्तिकेत फाल्याने या गानाच्या घडणीत बायझंटाइन धर्मसंगीत, अरबांचे आगमन आणि जिप्सींचे आगमन अशी तीन कारणे सांगितली आणि भारतीय गायनाशी असलेल्या साम्याकडे बोट दाखविले. स्पर्धेत एल तेनासास हा वृद्ध गायक आणि मानोलो काराकोल हा बालगायक यांचा गौरव झाला.

या उपक्रमामागील तळमळ खरी होती. निदान मात्र चुकले. सिल्व्हेरिओ आणि चाकोन हे दोघेही व्यावसायिकच होते आणि कॅफेंतूनच त्यांनी या गाण्याला आकार दिला. खुद्द स्पर्धेच्या परीक्षकपदीही चाकोनलाच बसवावे लागले, यातच त्या आरोपाचे उत्तर आहे. पैसा घेतल्याने कला बिघडत असती, तर पुण्यापासून नारायणगावापर्यंतच्या सुपारीवर जगणारा तमाशा कधीच नामशेष झाला असता.

खरा बदल पुढे घडला. सुमारे १९२० ते १९५५ या काळात ‘ऑपेरा फ्लामेंका’ या नावाखाली मोठमोठी पथके नाट्यगृहांतून आणि बैलझुंजीच्या रिंगणांतून गावोगाव फिरू लागली. कॅफेत गायक आणि श्रोता यांच्यात एका मेजाचे अंतर होते. रिंगणात ते शेकडो हातांचे झाले. तेथे श्रोत्याची टाळी लयीची राहिली नाही. ती पसंतीची झाली. पहिली टाळी गाण्याच्या आत पडते, दुसरी गाणे संपल्यावर. सोलेआ आणि सिगिरिया यांच्यासारखे कठीण प्रकार मागे पडले आणि सुलभ, गोड फांदांगोची चलती झाली. या घटनेचे वर्णन ‘अभिरुचीचा ऱ्हास’ असे नेहमी केले जाते. ‘झिलीचा लोप’ हे त्याचे अधिक नेमके नाव होय. श्रोता उत्तर देईनासा झाला, की कलावंताला प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही.

५

या पार्श्वभूमीवर उल्हासनगरची स्थिती अपूर्व दिसते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. कॅम्प क्रमांकाने पत्ता सांगण्याची तेथील रीत अद्याप टिकून आहे. अशाच वसाहती पिंपरीस, देवळालीस, चेंबूरला आणि कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे, म्हणजे पुढच्या गांधीनगरात, उभ्या राहिल्या. सामान्यतः प्रवासी कला अनोळखी श्रोत्यांकडे जाते. येथे श्रोतेच प्रवास करून आले होते, आणि कला त्यांच्यामागोमाग आली. बराकीसमोरच्या मोकळ्या जागेत भगत उभा राहिला तेव्हा त्याला झील देणारे बोलियारे तर होतेच. समोर बसलेल्यांनाही ती ओळ ठाऊक होती. आपल्या गावी परतण्यासाठी झुरणाऱ्या मारुईची कथा या श्रोत्यांना निराळी समजावून सांगण्याची गरज नव्हती. भूमी गेली होती, परंतु झील शाबूत होती.

भगताचे बळ कोठे होते, हे यावरून कळते. आणि त्याचे संकट कोठून आले, हेही यावरूनच कळते. ते संकट वेषात, वाद्यांत किंवा मानधनात नाही. ते भाषेत आहे. सिंधीला १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. पण तिला स्वतःचा प्रांत नाही, आणि अरबी की देवनागरी या लिपिवादात तिची बरीच शक्ती खर्ची पडली. भारतातील सिंधी हिंदीकडे कशी झुकत चालली आहे, याचे विवेचन लछमन खूबचंदानी यांनी १९६३ मधील आपल्या प्रबंधात केले होते. त्यानंतरच्या पिढ्यांत हा झुकाव वाढतच गेला.

याचा गायनावर होणारा परिणाम ध्वनिविचाराच्या अंगाने पाहण्यासारखा आहे. सिंधीत ग, ज, ड, ब यांच्या जोडीने श्वास आत ओढून उच्चारावयाचे चार स्वतंत्र वर्ण आहेत. देवनागरीत ते ॻ, ॼ, ॾ, ॿ असे अधोरेषेने दाखवितात. ‘ॿारु’ म्हणजे मूल आणि ‘बारु’ म्हणजे ओझे. हिंदीच्या सवयीत वाढलेला तरुण बोलियारा दोहोंचा उच्चार एकच करू लागला, तर ओळीचा अर्थ झिलीत पोहोचेपर्यंत निसटतो. दुसरी बाब अंत्यस्वरांची. सिंधीने शब्दांच्या शेवटचे ऱ्हस्व स्वर राखले आहेत. जुन्या मराठीतही ‘देवु’, ‘नादु’ अशी रूपे होती; आधुनिक मराठीने आणि हिंदीने ते स्वर टाकले. ओळीच्या अखेरीस गायकाला तान लांबवावयाची असते आणि बोलियाऱ्याला तेथेच प्रवेश करावयाचा असतो. त्या जागी हा अंत्यस्वर दाराच्या उंबऱ्यासारखा उपयोगी पडतो. तो गेला म्हणजे ओळ व्यंजनावर आपटून थांबते. अंदलुसियाच्या स्पॅनिशमध्ये याच्या नेमकी उलट क्रिया घडलेली आहे, ही गोष्ट येथे लक्षणीय वाटते. तेथील बोलीने शब्दान्तीचा ‘स’ आणि स्वरांमधला ‘द’ पुष्कळदा गिळला. त्यामुळे स्वर मोकळे झाले आणि गायकाला आलापाला जागा मिळाली. उच्चारातील एक क्षय गाण्याला पोषक ठरला आणि दुसरा मारक, याचे कारण एकच : गाणे ज्या बोलीत घडले त्या बोलीचा क्षय त्याने पचविलेला असतो, परक्या भाषेने लादलेला क्षय त्याला पचत नाही.

झिलीचे प्रकारही येथे वेगळे काढले पाहिजेत. शाहिराच्या मागची ‘जी जी’ अर्थनिरपेक्ष असते. फ्लामेंकोतील टाळी तर शब्दनिरपेक्षच असते. अशी झील शिकविता येते, आणि म्हणूनच ती देशान्तर करू शकते. जपानात फ्लामेंको शिकणारांची संख्या मोठी आहे; तेथील विद्यार्थी स्पॅनिश भाषेत पारंगत नसला तरी बारा मात्रांची टाळी अचूक धरू शकतो. भगताची झील याहून वेगळी आहे. ती ओळ उचलते, थट्टेला थट्टेने उत्तर देते, कथा पुढे ढकलते. ती शब्दबद्ध आहे. जिला भाषा नाही तिला ती देता येत नाही. २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत समाविष्ट होऊन जगभर मान्यता पावलेल्या फ्लामेंकोचे यश हे भगतासारख्या कलेचे माप होऊ शकत नाही, ते या कारणाने. ‘त्यांचे गाणे जगभर गेले, आपले का जाऊ नये?’ हा प्रश्नच चुकीच्या पायावर उभा आहे.

६

लोहमार्गाने आणखी दोन स्थानके पुढे गेल्यास हा विचार अधिक स्पष्ट होतो. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर ज्या अंबरनाथात आहे, तेथे महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या आसपासच्या गावांत आगरी समाजाची जुनी वस्ती आहे, आणि त्या समाजाच्या लग्नात धवलारीण धवळे गाते. बरोबरच्या स्त्रिया तिची ओळ उचलतात. महदंबेच्या तेराव्या शतकातील धवळ्यांपासून मराठीला परिचित असलेले हे नाव येथे अजून लोकांच्या तोंडी आहे. म्हणजे येथील श्रोत्याला झील अपरिचित नाही; त्याला अपरिचित आहे ती फक्त सिंधी.

उल्हासनगरातून निघालेले एखादे भगतपथक या श्रोत्यांपुढे उभे राहिले, तर त्याच्यापुढे दोन मार्ग असतील. पहिला मार्ग सोपा : कथा गाळावी, थट्टा गाळावी, घुंगरू आणि गिरक्या ठेवाव्या, आणि सारे एका तासात संपवावे. सांस्कृतिक महोत्सवांतून लोककलांचे जे दर्शन घडते ते बहुतेक याच मार्गाने. प्रेक्षक टाळ्या देतो, परंतु त्या रिंगणातल्या टाळ्या असतात. दुसरा मार्ग कठीण आहे : बोलियाऱ्यांपैकी एकाने मराठीत उत्तर द्यावे. भगताने सिंधीत विचारावे, मराठी झीलकऱ्याने त्याचा अर्थ आपल्या ओळीत घेऊन श्रोत्यांकडे वळवावा. बतावणीत आणि कीर्तनात या कौशल्याची परंपरा आहेच. असा प्रयोग फसण्याचा संभव पुष्कळ. तथापि तो फसला तरी कलेच्या नियमाला धरून फसेल, आणि पहिला मार्ग यशस्वी झाला तरी त्या नियमाबाहेर यशस्वी होईल.

यावर एक आक्षेप संभवतो. मूळ भाषेतच कला शुद्ध राहते. तिच्या झिलीत परकी भाषा आणणे म्हणजे तिचा ऱ्हास घाईने ओढवून घेणे होय, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे. वर अंत्यस्वरांविषयी जे म्हटले तेही त्याला पोषकच आहे. परंतु शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने १९२२ ची ग्रानादा आठवावी. तेथे शुद्ध गायक शोधले गेले, त्यांचा गौरव झाला. आणि तरीही ऑपेरा फ्लामेंकोची लाट थोपली नाही, कारण गायक शोधणारांनी श्रोता घडविला नाही. उल्हासनगरात पहिले कर्तव्य अर्थातच सिंधी झील राखण्याचे आहे, आणि ते घरातील व शाळेतील सिंधीवाचून पुरे होणार नाही. मराठी झील हा त्याला पर्याय नव्हे. शेजाऱ्याला मैदानात बसवून घेण्याचा तो उपाय आहे.

अभ्यासकांच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. लोकगायनाचे ध्वनिमुद्रण करताना यंत्र मुख्य गायकापुढे ठेवण्याची आणि मागच्यांचा आवाज शक्य तितका दूर सारण्याची रीत आहे. संहिता उतरवून घेतानाही ‘पालुपद पूर्ववत्’ असे लिहून झील गाळली जाते. पालुपद कधीच पूर्ववत् नसते. दर वेळी ते कोठे उचलले गेले, कोणत्या स्वरावर उचलले गेले, कोणी उचलले नाही, यातच त्या प्रयोगाचा इतिहास असतो. उल्हासनगरातील वृद्ध श्रोते हयात आहेत तोवर भगताबरोबर बोलियाऱ्यांची आणि श्रोत्यांचीही नोंद झाली पाहिजे. धवलारिणीच्या बाबतीतही तेच. गायकाचा आवाज कोणीतरी जपून ठेवीलच. त्याला उत्तर देणाऱ्याचा आवाज मात्र आताच नोंदविला नाही, तर नंतर तो कोणत्याही संग्रहात सापडणार नाही.